डावा चॅनेल वारज्याला, उजवा खडकीला

वारजे,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. पूर्णिमा,

आशीर्वाद, आणि त्यामागोमाग एक अडचण.

संक्रांतीचं तिळगुळाचं पाकीट नुकतंच गेलेलं असताना पुन्हा माझं अक्षर पाहून तू दचकली असशील. कोणी आजारी नाही. आमचा डावा चॅनेल बंद पडला आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. यांनी आणि रतनभाऊजींनी कॉलेजात असताना नारायण पेठेतल्या घरी मिळून तो ॲम्प्लिफायर बांधला. मी लग्न होऊन आले त्या संध्याकाळी मला कोणी पाणी विचारलं नाही. दोघा भावांनी मला दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये पाटावर बसवलं आणि गाणं लावलं. डाव्या कानात बासरी, उजव्या कानात गाणारी, आणि दोन्ही येऊन मिळत होत्या माझ्या कपाळावर, कुंकवाच्या जागी. मला वाटलं, चांगल्या घरात पडले.

मग घर विकलं आणि मामा वाटणी करायला आले. ताटं निम्मी, पातेली निम्मी. ॲम्प्लिफायर एकच. मामा म्हणाले, वाटणी म्हणजे वाटणी, आणि हॅकसॉ मागवली. पेटी मधोमध कापली. डावा चॅनेल थोरल्याला, उजवा धाकट्याला. त्याला दोघांचीही हरकत नव्हती, कारण पूर्ण पेटी दुसऱ्याला मिळण्यापेक्षा हे बरं. भांडण झालं ते आवाजाच्या बटणावरून. दोन्ही बाजूंना मिळून ते एकच होतं, कापता येण्यासारखं नव्हतं, आणि मामांनी ते आम्हाला दिलं. त्यावर भाऊजी जे बोलले ते बोलले, हेही बोलले. शेवटी शपथ झाली. बोलायचं नाही, फोन करायचा नाही, एकमेकांच्या घरात पाऊल टाकायचं नाही. पत्राचं रागाच्या भरात कोणाला सुचलं नाही, म्हणून तर आपल्या दोघींचं चालू आहे.

तेव्हापासून या घरात आम्ही गाण्यांची फक्त डावी बाजू ऐकत आलो. बासरी आहे, तबला आहे, गाणारी नाही. ती जागा मी स्वयंपाकघरातून भरते. आमचा तेजस पहिल्यांदा एका लग्नात पुरतं गाणं ऐकून आला तेव्हा म्हणाला, आई, त्या लोकांनी आपल्या गाण्यात एक बाई घातली आहे.

आता तेवढंही नाही. यांनी स्पीकर बदलला, तारा बदलल्या. आत बोट लावलं की घूं असा आवाज यायला हवा, तोही येत नाही. तरी रोज संध्याकाळी रेकॉर्ड लावून समोर बसतात. मी म्हटलं, बंद करा की. तर म्हणाले, "गाणं चालू आहे. फक्त ऐकू येत नाही."

दुरुस्तीची त्यांची रीत तुला माहीत असेल, दोघांचे सर एकच. चांगल्या चॅनेलवर ठरलेल्या जागी मीटर लावायचा, व्होल्ट टिपायचे, मग त्याच जागी बिघडलेल्यावर मोजायचे. जिथे आकडा फुटेल तिथे रोग. अंदाजाने हात घालायचा नाही. अडचण एवढीच की चांगला चॅनेल खडकीला आहे.

सोबतच्या चित्रात जागा दाखवल्या आहेत. भाऊजींना सांग की तिथले आकडे मी मागितले. मला या वयात ट्रान्झिस्टरमध्ये रस वाटू लागला आहे म्हणून सांग.

तुझी,
ललिता

खडकी,
९ फेब्रुवारी

ती. ललितावहिनी,

नमस्कार. अडचण पोचली, पोस्टात थोडी चुरगळून.

तुमचं चित्र मी यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "वहिनींना रेझिस्टर इतका सरळ काढता येतो, ठाऊक नव्हतं." मी म्हटलं, वहिनी शिकल्या त्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवत असतील. ते म्हणाले, "कॉन्व्हेंटमध्ये दादा होता का?" आणि चित्र घेऊन आत गेले.

आकडे सोबत आहेत. यांनी स्वतः लिहिले आहेत.

तुम्ही बटणाची आठवण काढलीत म्हणून सांगते. त्याच्याशिवाय आमच्याकडे आवाज एक तर नसतो, नाही तर पुरा असतो. पहिल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार वर आले होते, त्यांना वाटलं काही फुटलं. तेव्हापासून स्पीकर कपाटात असतो आणि त्याच्यावर गोधड्या. रोजच्याला दोन गोधड्यांचा आवाज, पाहुणे असले की तीन, कोणाच्या घरी सुतक असलं की चार. सवयीने मला आता गोधडी पाहून गाणं किती मोठं लागेल ते सांगता येतं. गाणारी बाई मात्र आमच्याकडे आहे. ती दर ओळीनंतर कशासाठी थांबते ते मला कळत नसे. थकत असेल, असं मी धरून चालले होते. ती तुमच्या बासरीसाठी थांबायची, हे आज कळलं.

एक बातमी आहे. आम्ही खडकीचं घर विकलं. मार्चअखेर कायमचे बंगळूरला, प्रियदर्शनीकडे. ती म्हणते, बाबा, लोखंडी भंगार आणायचं नाही. यांनी अजून तिला उत्तर दिलेलं नाही.

आपली,
पूर्णिमा

वारजे,
१४ फेब्रुवारी

प्रिय पूर्णिमा,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, कारण आमच्याकडे बसायला जागा उरलेली नाही. जेवणाच्या टेबलावर चॅनेल उघडा पडला आहे आणि खुर्च्यांवर त्याचे अवयव. आम्ही पलंगावर जेवतो. परवा मी मीठ मागितलं तर यांनी न बघता हातात सोल्डरची गुंडाळी दिली.

बंगळूरचं मी यांना सांगितलं. ते एक तार जोडत होते. "बरं," म्हणाले. मग तीच तार परत काढली, परत जोडली, पुन्हा काढली. मी भाजी निवडायला घेतली. निवडून झाली तरी तार तीच होती.

भाऊजींच्या आकड्यांचा मात्र आमच्याकडे फार मान आहे. तो कागद यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला आहे. येता जाता वाकून वाचतात आणि मान डोलावतात. आमच्या घरात एवढी इभ्रत तेजसच्या कुठल्याच निकालाला मिळाली नव्हती. मला वाटतं, चांगला चॅनेल किती चांगला आहे ते पाहून यांना मनातून अभिमान वाटत असावा.

ते म्हणतात, एवढ्याने भागणार नाही. चॅनेल अर्धा तास चालू ठेवून, तापल्यावर पुन्हा मोजलेले आकडे हवेत. भाऊजींना त्रास होणार, कळतं मला. पण तुम्ही जाणार, आणि चांगला चॅनेल भंगारात किंवा बंगळूरला. मग हा डावा कशाशी ताडून बघायचा? आणि चॅनेलचं सोड. हे दोघं एका गावात राहून बोलले नाहीत, तर दोन गावांत कशाला बोलतील? एका खोलीत दोघं एकदा बसावेत एवढंच माझ्या मनात आहे. आता मार्चपर्यंतच वेळ आहे.

तुझी,
ललिता

खडकी,
२० फेब्रुवारी

ती. वहिनी,

तापल्यावरचे आकडे सोबत आहेत. त्यासाठी हे दार लावून आत बसले होते. मला आत येऊ दिलं नाही, शॉक बसेल म्हणाले.

आता आणखी मागू नका. यांना हे आकडे काढायला फार जड जातं. परवा जेवताना मध्येच उठून गेले आणि एक आकडा खोडून दुसरा घालून आले.

सुभेदार जिन्यात भेटले. म्हणाले, "तुमच्याकडे सगळं ठीक ना? हल्ली काही कानावर येत नाही." मी म्हटलं, गोधड्या वाढवल्यात.

बांधाबांध सुरू आहे. एका घरात किती चमचे असू शकतात याची मला कल्पना नव्हती.

आपली,
पूर्णिमा

वारजे,
२६ फेब्रुवारी

प्रिय पूर्णिमा,

काल मी यांना विचारलं, एवढे आकडे आले, मग दुरुस्ती का होत नाही? यांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे आकडे मोजलेले नाहीत. आम्ही दोघांनी तेव्हा आराखडा काढला होता, त्यातले आहेत. पाठ आहेत त्याला. मलाही आहेत."

मी म्हटलं, कशावरून?

"सगळे बरोबर आहेत यावरून. खऱ्या वस्तूवर मीटर लावला की आकडा थोडा इकडे नाही तर तिकडे जातो. खडकीत लाइट जाते, येते, कधी मंद होते, आणि याच्याकडे मात्र दशांशापर्यंत नेमकं. दुसऱ्यांदा तर मुद्दाम एक चूक घातली आहे, खरं वाटावं म्हणून."

"मग पहिल्याच कागदावर ओळखलंत?"

"उघडल्या उघडल्या."

"तरी पुन्हा का मागवले?"

त्यावर हे काचेखालच्या कागदाकडे पाहत म्हणाले, "पाठवतोय तोवर पाठवू दे."

मी आत जाऊन कुकर लावला. तांदूळ टाकायचे राहिले, शिट्ट्या मात्र व्यवस्थित झाल्या.

पूर्णिमा, आता मला तू सरळ सांग. तुमचा चॅनेल वाजतो का?

ललिता

खडकी,
३ मार्च

ती. वहिनी,

नाही.

प्रियदर्शनीच्या लग्नाच्या वर्षी बंद पडला. मी घरात होते. गाणारी एका ओळीच्या मध्ये थांबली आणि परत आलीच नाही. यांनी कपाट उघडलं, स्पीकरकडे पाहिलं, आणि वर आणखी एक गोधडी टाकली. म्हणाले, "आज जरा मोठा होता." दुसऱ्या दिवशी अजून एक. घरातल्या सगळ्या गोधड्या आता त्या कपाटात आहेत. थंडीत आम्ही शाली पांघरतो.

रोज संध्याकाळी हे स्विच लावतात आणि पलंगावर बसतात. थोड्या वेळाने म्हणतात, "आज छान लागलंय." मी म्हणते, हो. सुरुवातीला मन राखायला म्हणत होते. आता कधी कधी मला खरंच ऐकू येतं, तेव्हा भीती वाटते.

दुरुस्त का करत नाही, असं मी एकदाच विचारलं. म्हणाले, "चांगला चॅनेल वारज्याला आहे." आणि तुमचं चित्र आलं त्या दिवशी त्यांना कळलं की तिकडेही तीच गत झाली. त्या रात्री हे जेवले नाहीत. म्हणाले, "दादाला आशा आहे. आकडे पाठवायलाच हवेत."

म्हणजे वहिनी, इतकी वर्षं एक भाऊ दुसऱ्याच्या चांगल्या चॅनेलच्या भरवशावर जगला आणि आता पुण्यात चांगला चॅनेल कुठेच उरलेला नाही.

तुम्ही म्हणता तसं दोघांना एका खोलीत बसवायचं, तर दोन्ही घरं शपथेत गेली. तिसरी जागा तुम्ही शोधा. माझं डोकं चमच्यांत आहे.

आपली,
पूर्णिमा

वारजे,
८ मार्च

प्रिय पूर्णिमा,

तिसरी जागा मिळाली. आमच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल. तो कोणाच्याच घरात मोडत नाही, आणि भिंतीला प्लग आहेत.

हॉल फक्त मंगल कार्याला देतात. सेक्रेटरी रावसाहेब नियमाचे फार पक्के आहेत. "कार्य काय?" म्हणाले. मी दोन भावांची गाठ घालायची आहे असं सांगणार होते, पण त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघालं, "दिरांची साठीशांत." भाऊजींची साठी होऊन गेली, माहीत आहे मला. पण शांत झालेली नाही, हेही खरं आहे. रविवार, १६ तारीख, सकाळी.

आता भाऊजींना तू एवढंच सांग की दादा त्यांचा चॅनेल मोडीत काढताहेत, सुटे भाग हवे असतील तर रविवारी हॉलमधून घेऊन जा, आणि जोडून बघायला आपली पेटी बरोबर ने. यांना मी हेच उलट सांगितलं आहे. बटणाचंही काढलं होतं. हे म्हणाले, "नेऊ दे त्याला." मग थोड्या वेळाने, "त्याला आता गोधड्यांची सवय झाली असेल."

तूही ये.

ललिता

खडकी,
१८ मार्च

ती. वहिनी,

मला यायला जमलं नाही. सामान बांधणारे रविवारीच आले आणि मी कपाटातून एकामागून एक गोधड्या काढताना ते आपसांत बघू लागले.

हे सकाळी रिक्षाने गेले, मांडीवर पेटी घेऊन. अंधार पडल्यावर परत आले, ते रिकाम्या हाताने. आणि वहिनी, आल्यापासून यांना आवाज नाही. तोंड उघडतात, पण नुसती हवा येते. मी विचारलं, दादा बोलले का? यांनी मान हलवली, पण ती हो होती की नाही ते मला कळलं नाही. कागद पुढे केला तर लिहायलाही तयार नाहीत. हळदीचं दूध घेतात आणि खिडकीतून बघत बसतात. शपथ मोडली की असं काही होतं का? मी या गोष्टी मानत नाही, पण सुभेदारीणबाई मानतात आणि त्या रोज वर येतात.

पुढच्या शुक्रवारची आमची तिकिटं आहेत. तिथे काय झालं ते मला लगेच लिहा.

पूर्णिमा

वारजे,
२० मार्च

प्रिय पूर्णिमा,

काळजी करू नकोस. यांनाही आवाज नाही.

मी सकाळी हॉल उघडला तर रावसाहेब नारळ घेऊन हजर होते. त्यांनी इमारतीत सगळ्यांना सांगितलं होतं. लोक खुर्च्यांवर येऊन बसले, तिसऱ्या मजल्यावरच्या पूर्णपात्रे बाईंनी तर ओवाळायचं तबकही आणलं होतं. मी परत पाठवणार कोणाकोणाला? भाऊजी आले, पेटी टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. हे आले, दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसले. दोघांचे केस मागून अगदी सारखे गेले आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

बाईंनी दोन्ही पाठींना ओवाळलं.

मग दोघांनी आपापली पेटी उघडली. हे रावसाहेबांना म्हणाले, "त्यांना विचारा, मीटर आणलाय का." रावसाहेब दोन पावलं गेले आणि म्हणाले, "मीटर आणलाय का, विचारताहेत." भाऊजी म्हणाले, "सांगा त्यांना, मीटर नसता तर आकडे कुठून आले असते." रावसाहेब तेवढं घेऊन परत आले. असं बराच वेळ चाललं. मध्ये कोणीतरी मला विचारलं की हा विधी कुठल्या शाखेचा. मी म्हटलं, इलेक्ट्रॉनिक्स.

दोघांनी मोजलं, यावेळी खरोखर. आमचा एक ट्रान्झिस्टर गेला होता आणि तुमचा एक कपॅसिटर. म्हणजे एकाच पेटीला पुरेल एवढं चांगलं सामान दोघांत मिळून होतं. भाऊजींना आमच्या पेटीतला कपॅसिटर हवा होता. ते वळले आणि त्यांनी सरळ आत हात घातला. यांनी प्लग काढला होता, पण कपॅसिटर म्हणजे तो मोठा डबा, तो प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतो, आणि यांनी तो अजून मोकळा केलेला नव्हता. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त दिसलं की हे खुर्चीवरून उठले आणि भाऊजींचं मनगट धरलं.

"रतन, हात काढ."

रावसाहेब सवयीने पुढे झाले आणि भाऊजींना म्हणाले, "ते म्हणताहेत, हात काढा."

भाऊजी म्हणाले, "ऐकलं मी."

मनगट काही वेळ तसंच धरलेलं होतं. मग यांनी ते सोडलं, डबा मोकळा केला, कपॅसिटर काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. भाऊजींनी तो आपल्या पेटीत जोडला. आमच्या घरून खाली आणलेला स्पीकर जोडला, रेकॉर्ड लावली, स्विच लावला. आणि पूर्णिमा, तुझी गाणारी लागली. तीस वर्षांनी मी तिला ऐकलं. मी स्वयंपाकघरातून जे शब्द भरत आले ते साफ चुकीचे होते. माझेही वाईट नव्हते. मी पुढच्या रांगेत बसले होते आणि मला काही दिसेनासं झालं, तर बाईंनी मला पेढा दिला.

गाणं संपल्यावर हे म्हणाले, "वरची पट्टी किरकिरते. तू तिथे चुकीचा रेझिस्टर लावलास." भाऊजी म्हणाले, "तू सांगितलास तोच लावला." हे म्हणाले, "मी असं कधी सांगितलं?" तिथून जे सुरू झालं ते अंधार पडेपर्यंत. आधी रेझिस्टर, मग बटण, मग मामा, मग शाळेत असताना कोणी कोणाची सायकल पंक्चर केली. लोक जेवायला गेले, झोपून उठून परत आले. शेवटी दोघांचे घसे बसले तेव्हा हातवारे करून भांडत होते. रावसाहेब मला म्हणाले, शांत फारच मोठी झाली.

शपथेचं काही नाही, घशाचं आहे. यांना मी मिठाच्या गुळण्या देते आहे, तूही दे.

आता दोन गोष्टी. ती वाजणारी पेटी आमच्याकडे राहिली आहे, कारण डावी अजून बंद आहे आणि आता ताडून बघायला खराखुरा चांगला चॅनेल हाताशी आला. हे काम घाईचं नाही, असं दोघांनी एकमेकांना बोटं दाखवून कबूल केलं. भाऊजींनी रविवारी परत येतो अशी खूण केली, आणि घर कोणाचं याची चौकशीही केली नाही. तेव्हा शुक्रवारची तिकिटं पुढे ढकल, प्रियदर्शनीला काय सांगायचं ते मी सांगेन.

दुसरी गोष्ट ही की रतनभाऊजी हल्ली चहात साखर घेतात का, ते मला लगेच कळव. त्यांनाच विचारणार होते, पण दोघं एकदा सुरू झाल्यावर मध्ये शिरायला जागाच नव्हती.

तुझी,
ललिता